दोनदा येणारे खांबेटे

आमच्या ऑफिसात खांबेटे रोज सकाळी दोनदा येत.

पहिल्यांदा येत ते मागच्या दाराने, सायकल हातात धरून. डोक्यावर ओला पंचा, त्यावर कापडी टोपी, अंगात पिळून काढावं इतकं ओलं बनियन, पायांत रबरी चपला आणि चष्म्याच्या काचांवर वाफ. दुबईतली जुलैची सकाळ म्हणजे दार उघडलं की कुणीतरी तोंडावर गरम ओला टॉवेल टाकावा तशी. अशा वेळी कुणी त्यांना “गुड मॉर्निंग” म्हटलं, तर ते थांबत, चष्मा काढून पंच्याच्या टोकाने पुसत आणि शांतपणे सांगत, “मी अजून आलेलो नाही.” मग स्टोअररूमशेजारच्या बाथरूमचं दार लागे. थोड्या वेळाने, इमारतीला बाहेरून वळसा घालून, पुढच्या काचेच्या दारातून दुसरे खांबेटे आत येत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टाय, काळे बूट, चापून पाडलेला भांग, हातात ब्रीफकेस. “गुड मॉर्निंग, एव्हरीबडी,” म्हणत ते सगळ्यांकडे अशा नजरेने बघत, की मघाशी मागून आलेला तो ओला माणूस कोण होता असा प्रश्न आपल्यालाच पडावा.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी त्या कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागले, तो माझा पहिलाच दिवस. पॅन्ट्रीतला नळ गळत होता आणि समोरून हा ओलाचिंब गृहस्थ आला. मी माझ्या ठाण्याच्या हिंदीत म्हटलं, “सुनो भैया, वो नल जरा देखो ना, कब से गळ रहा है.”

“अभी मैं आया नहीं हूँ,” तो म्हणाला. “आने के बाद देखता हूँ.”

ती हिंदी ऐकली आणि माणूस आपल्याकडचाच, हे मी ओळखलं. पण पुढचं ओळखलं नव्हतं. थोड्या वेळाने टाय लावलेले एक सद्गृहस्थ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. “खांबेटे. डिझाइन सेक्शन. आपण मघाशी नळाचं काही म्हणत होता.” धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्यांनी मात्र बाह्या दुमडून नळाला सुतळी गुंडाळली, गळती थांबवली आणि माझं आडनाव सबनीस आहे हे कळल्यावर मला ‘वहिनी’ करून टाकलं. माझ्या नवऱ्याची, अविनाशची आणि त्यांची तेव्हा काडीचीही ओळख नव्हती.

गंमत अशी की आमची कंपनी होती एअरकंडिशनिंगची. कुठल्या इमारतीला किती टन गारवा लागेल, कुठल्या खोलीत किती वारा सोडायचा, हे खांबेटे ठरवत. दुबईतल्या निम्म्या साहेबांना आपण गार ठेवतो, असं ते अभिमानाने सांगत. आणि हा माणूस स्वतः करामा भागातल्या आपल्या खोलीतून निघून, सतव्याची वस्ती ओलांडून, पार जुमेऱ्याच्या अंगाला असलेल्या आमच्या ऑफिसात भर उन्हाळ्यात सायकल मारत यायचा. त्यांना विचारलं तर ते हवेवर घसरत. “हवा दोन प्रकारची असते, वहिनी. एक कोरडी हवा आणि एक नालायक हवा.” समुद्रावरून दमट वारा सुटला, अंगाला कपडे चिकटायला लागले की दुसरे खांबेटे पुढच्या दारातून आत येता येता जाहीर करत, “आज हवा नालायक आहे.” मग आमचे मल्याळी मॅनेजर नायरसाहेबही फोनवर गिऱ्हाइकांना सांगायचे, “टुडे व्हेरी नालायक वेदर, सर.” त्यांना तो एअरकंडिशनिंगमधला शब्द वाटायचा.

तिथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार पाण्याच्या नळाखाली हात धरला तर पोळतो. म्हणून सगळेजण गीझर बंद ठेवतात आणि त्यात साठून निवलेलं पाणी गरम नळातून घेतात. खांबेट्यांनी बाथरूममधल्या लाल खुणेच्या नळावर ‘गार’ आणि निळ्या खुणेच्या नळावर ‘गरम’ अशा चिठ्ठ्या डकवल्या होत्या, मराठीत. ऑफिसात मराठी वाचणारे आम्ही दोघंच. नायरसाहेबांनी एकदा हात पोळून घेतला, तेव्हा त्याखाली इंग्रजी आलं.

आता हा माणूस सायकल का चालवतो, याबद्दल ऑफिसात बरीच मतं होती. मला तर चौकशा करण्याची जन्मजात खोड. कंजूस म्हणावं, तर वाढदिवस कुणाचाही असो, केक खांबेट्यांचा. तब्येतीसाठी म्हणावं, तर चहात साखर इतकी की चमचा उभा राहील. लायसन्स मिळत नसेल म्हणावं, तर ते त्यांच्याकडे होतं, आणि तेही पहिल्याच टेस्टमध्ये मिळालेलं! दुबईत राहिलेल्या माणसालाच याचं महत्त्व कळेल. आमच्या अविनाशला तिथल्या इन्स्पेक्टरने इतक्यांदा नापास केलं होतं की टेस्टच्या मैदानावरचा चहावाला त्याला नावाने हाक मारायचा. मला लायसन्स त्याच्या आधी मिळालं, हा विषय आमच्या घरात अजून काढायचा नसतो. आणि इथे हा गृहस्थ ते लायसन्स पाकिटात घालून सायकलवर फिरत होता.

खांबेट्यांची बायको नाशिकला बँकेत ऑफिसर होती. नोकरी सोडून येणं तिला जमलं नव्हतं. मुलगा तिकडेच कॉलेजात. “पुढच्या वर्षी ती मोठी रजा काढणार आहे,” असं ते दर वर्षी सांगत. करामातल्या एका जुन्या बुटक्या इमारतीत त्यांची एक खोली होती. आमच्या मुक्ताच्या वाढदिवसाला ते आले, तेव्हा सायकल लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी करून थेट आमच्या हॉलमध्ये घेऊन आले. खाली ठेवली तर चोरीला जाईल म्हणून. दुबईत चोरी होत नाही हो, असं अविनाशने सांगितल्यावर म्हणाले, “एकटी कशाला ठेवायची?” मुलांनी केक सोडून त्या सायकलभोवती गर्दी केली. तिथेच जन्मलेली आमची मुक्ता. तिने घंटी वाजवून विचारलं, “काका, इज शी युअर पेट?” खांबेट्यांनी त्यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “तसंच म्हण.”

शेवटी न राहवून मी एक दिवस सकाळी त्यांच्या मागे गाडी घातली. सायकलच्या मागे सायकलच्या वेगाने गाडी चालवणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी कळलं. माझ्या मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ! एका टॅक्सीवाल्याने काच खाली करून “यल्ला, यल्ला!” म्हणत मला पुढे हो म्हणून हातवारेही केले. पण मी हटले नाही.

सतव्यात शिरल्यावर खांबेटे एका पठाणाच्या बेकरीपाशी उतरले. तिथली बेकरी म्हणजे भिंतीत एक खिडकी आणि आत पेटलेला तंदूर. खिडकीतून एक दाढीवाला डोकावला, त्याने एक गरम रोटी कागदात गुंडाळून दिली आणि दोघांचं काहीतरी बोलणं झालं. बोलणं कसलं, दोघं हात उडवून भांडत असावेत असं वाटत होतं. मग खांबेट्यांनी हात वर केला, काहीतरी एक शब्द म्हणाले आणि निघाले. पुढे एका मल्याळी कॅफेटेरियासमोर पुन्हा उतरले. तिथे उभ्याउभ्या चहा आणि रोटी. पुन्हा हात वर, पुन्हा काहीतरी म्हणणं. त्यापुढे सर्कलमधल्या फुलांना पाणी घालणारा एक बंगाली माळी होता. खांबेट्यांनी त्याच्यासमोर सायकल उभी केली, चष्मा खिशात ठेवला आणि डोळे मिटले. माळ्याने पाण्याचा पाइप सरळ त्यांच्यावर धरला. पार डोक्यापासून चपलांपर्यंत! म्हणजे इतके दिवस आम्ही ज्याला खांबेट्यांचा घाम समजत होतो, त्यात निम्मा माळी होता.

गाडीच्या काचा बंद, एसी चालू, मागे हॉर्न. त्यामुळे ते निघताना काय म्हणत होते, ते काही मला ऐकू आलं नाही.

ऑफिसात दुसरे खांबेटे आल्याबरोबर माझ्या टेबलाशी आले. “वहिनी, आज एक पांढरी गाडी सारखी माझ्या मागे होती. लोक तिला फार हॉर्न वाजवत होते. तुम्हाला काही कल्पना?”

मी लाजून कबूल केलं आणि विचारलं, “हे सगळे कोण हो तुमचे?”

“कोण म्हणजे? ओळखीचे.”

“कसल्या ओळखी?”

“रस्त्यातल्या,” ते म्हणाले आणि ड्रॉइंग पसरून बसले. चेहऱ्यावर मात्र आपलं गुपित कुणीतरी पाहिल्याचा आनंद होता.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर नायरसाहेबांनी आम्हाला एकत्र बोलावून सांगितलं, की ऑफिस जबल अलीला जाणार. जबल अली म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, हायवेने. मोठी जागा, नवी इमारत, सगळ्यांसाठी एसी बस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खांबेट्यांनी हात वर केला. “सर, सायकलने तिथे कसं जायचं?”

“खांबेटे, धिस इज नॉट पूना.”

“सर, मी नाशिकचा आहे.”

“नाशिक ऑल्सो नॉट,” नायरसाहेब म्हणाले.

खांबेट्यांनी सहजासहजी हार मानली नाही. एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, ते रस्ता बघायला म्हणून सायकल घेऊन हायवेवर गेले. पोलिसांनी त्यांना थांबवलं. त्या तरुण पोलिसाला आधी वाटलं, हा माणूस रस्ता चुकला. मग वाटलं, उन्हाने याचं डोकं फिरलं. त्याने यांना सावलीत बसवून थंड पाणी पाजलं, सायकल आपल्या पिकअपमध्ये टाकली आणि करामात इमारतीच्या दारापर्यंत आणून सोडलं. “हबीबी, गर्मी में साइकिल खलास,” असं बजावून तो गेला. खांबेटे हे सगळं स्वतःच सांगत होते. “अत्यंत सज्जन माणूस. पण ऐकून घेईना.”

ऑफिस हललं. दुसऱ्याच दिवशी मी मुक्ताला घेऊन सुट्टीसाठी ठाण्याला गेले. परत आले तेव्हा शाळा सुरू व्हायची वेळ झाली होती, ऊन मात्र होतं तसंच होतं. जबल अलीत बघते तर खांबेटे आता एकदाच येत होते. बसमधून, कोरडे, टायसकट. “गुड मॉर्निंग” म्हटलं तर “गुड मॉर्निंग” म्हणत आणि बसत. हवेबद्दल अवाक्षर नाही. एकदा मीच म्हटलं, “आज हवा फारच नालायक आहे, नाही?” तर म्हणाले, “असेल. बसमध्ये कळत नाही.” साधं उत्तर होतं, पण मला ते मुळीच आवडलं नाही. या माणसाला असं बघायची मला सवय नव्हती.

त्याच आठवड्यात मुक्ताचा युनिफॉर्म शिवायला टाकण्यासाठी आम्ही सतव्यात गेलो. तिथल्या गल्ल्यांत शिंप्यांची दुकानं ओळीने आहेत. आमच्या शिंप्याच्या बरोबर समोर ती पठाणाची बेकरी. तंदूरच्या रोटीचा वास आला आणि मुक्ता म्हणाली, “मम्मा, आय वॉण्ट वन.” मी खिडकीशी जाऊन रोट्या घेतल्या आणि वळताना सवयीने बोलून गेले, “अच्छा, येते हं.”

दाढीवाल्याचा हात हवेतच थांबला. “क्या बोला?”

“कुछ नहीं. हमारी भाषा में ऐसे बोलते हैं.”

“येतो?” त्याने विचारलं. “तुम येतोभाई का मुल्क का है?”

मला काही उलगडा होईना. मग त्याने खिडकीतून अर्धा बाहेर येत सांगितलं. एक सायकलवाला रोज सकाळी यायचा, डोक्यावर कपडा बांधून. पिठात पाणी जास्त आहे म्हणून भांडायचा, रोटी घ्यायचा आणि जाताना हात वर करून आपलं नाव सांगायचा, येतो. म्हणून हे सगळे त्याला येतोभाई म्हणायचे. कॅफेटेरियावालाही तेच म्हणायचा आणि सर्कलमधला माळीही.

“बहुत अच्छा आदमी था,” तो म्हणाला. “फिर एक दिन नहीं आया. हम सब से पूछा. कोई बोला, व्हिसा कॅन्सल हो गया, मुल्क गया. मगर वो ऐसा बिना बोले जाने वाला आदमी नहीं था. इतना गर्मी में साइकिल चलाता था.” त्याने तंदूरकडे बघितलं. “हम समझ गया.”

मी घाईघाईने सांगितलं की येतोभाई जिवंत आहे, धडधाकट आहे, फक्त ऑफिस बदललंय. मग त्याने मुक्ताच्या हातात अजून एक रोटी ठेवली आणि आत गेला. जे समजलं त्याचा त्याला आनंद झाला की राग आला, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी मी हे सगळं खांबेट्यांना सांगितलं. मला वाटलं, हसतील. ‘येतो’ हे आपलं नाव ठरलं, यावर एरवी ते आठवडाभर बोलले असते. ते हसले नाहीत. म्हणाले, “नक्की काय म्हणाला तो? परत सांगा.” मी परत सांगितलं. “बिना बोले जाने वाला आदमी नहीं, असं म्हणाला?” मी हो म्हटलं. मग त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवून कप बाजूला सारला.

“शेवटच्या दिवशी त्यांना सांगितलं का नाहीत?” मी विचारलं.

“त्या दिवशी मी त्या रस्त्याने गेलोच नाही. मागच्या गल्लीतून गेलो.”

“का पण?”

“काय म्हणणार होतो, वहिनी? जातो म्हणायची आपल्यात पद्धत नाही. तोंडातून निघतच नाही. आणि येतो म्हटलं असतं, तर त्यांनी वाट बघितली असती. रोज येतो म्हणायचो आणि रोज जायचो. एवढी एकच गोष्ट मी इथे नियमाने केली.” मग हळूच म्हणाले, “आणि मला वाटलं, विसरतील. सतव्यातून काय कमी सायकली जातात?”

“मग शुक्रवारी कधी जाऊन यायचं होतं.”

“निघालो होतो. ट्रेड सेंटरच्या सर्कलवरून परत फिरलो. इतके दिवस झाल्यावर आता काय तोंड दाखवायचं?”

एवढा हवेशी भांडणारा माणूस, पण एका बेकरीवाल्यासमोर उभं राहायला घाबरत होता. आणि मला एकदम जाणवलं, की हे घाबरणं लहान नव्हतं. त्या खिडकीत आपल्याला कुणी ओळखलंच नाही तर, किंवा ओळखून पाठ फिरवली तर, या शहरात त्यांचं दुसरं कोण होतं? मी म्हटलं, “भाऊजी, या शुक्रवारी संध्याकाळी मी युनिफॉर्म घ्यायला तिकडे जाणार आहे. तुम्ही यायचं. मी समोरच असेन.” त्याआधी मी त्यांना कधी भाऊजी म्हटलं नव्हतं. ते ‘बघतो’ म्हणाले, आणि ‘बघतो’ म्हणजे काय ते आपल्याला माहीत असतं.

शुक्रवारी मी शिंप्याच्या दुकानात मुक्ताला युनिफॉर्म घालून उभी करत होते, पण माझं सगळं लक्ष रस्त्यावर. दुपार कलल्यावरची अस्रची नमाज होऊन गेली होती, बेकरीसमोर रोट्यांसाठी रांग लागली होती. हवा अत्यंत नालायक होती. बऱ्याच वेळाने कोपऱ्यावर ती सायकल दिसली. पंचा, टोपी, सगळं. पण खांबेटे बेकरीवरून तसेच पुढे गेले, मान दुसरीकडे करून. थोड्या वेळाने उलट बाजूने आले आणि पुन्हा पुढे गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा एका खांबाशी उतरले आणि सायकल धरून, रांगेपासून लांब, नुसते उभे राहिले. मला ओरडून हाक मारावीशी वाटली. मी स्वतःला कसंबसं आवरलं.

तेवढ्यात खिडकीतून दाढी बाहेर आली.

“येतोभाई!”

रांगेतली सगळी माणसं वळली. पठाण बाजूच्या दारातून धावतच बाहेर आला, कोपरापर्यंत पीठ, आणि त्याने खांबेट्यांचे दोन्ही खांदे धरून त्यांना गदागदा हलवलं. “किधर मर गया था तुम? हम समझा गर्मी में खलास हो गया! हम तुम्हारे लिए फातेहा पढ़ा! पूरा बेकरी पढ़ा!”

“सॉरी, खानसाहब,” खांबेटे पुटपुटले.

“सॉरी क्या होता है? बोल के नहीं जाता आदमी? हम रोज तुम्हारा रोटी अलग रखता था!”

तो काही केल्या थांबेना. रांगेतल्या लोकांनी रोट्यांसाठी आरडाओरडा केला, त्यांनाही त्याने गप्प बसवलं. पांढऱ्या पिठाचे पंजे खांबेट्यांच्या बनियनवर उमटले होते. ते मान खाली घालून, सायकलचं हँडल घट्ट धरून सगळं ऐकून घेत होते, आणि त्यांचा चेहरा फुलत चालला होता. खोलीवर परतायला उशीर झाला तर कुठे होतात म्हणून विचारणारं त्यांना इतकी वर्षं कुणी नव्हतं.

मुक्ता माझी ओढणी ओढत होती. “मम्मा, व्हाय इज दॅट मॅन शाउटिंग अ‍ॅट काका? शुड वी गो अँड हेल्प हिम?”

“नको,” मी म्हटलं. “अजून थोडा वेळ रागावू दे त्यांना.”